नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का? खान्देशातल्या शहरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

ओट्यावर दोन काचेचे ग्लास. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात विक्रेत्याने सोबत आणलेलं मशीनचं. त्याने दोन्हींत वायरीला जोडलेल्या सळया बुडवल्या, बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत आमचा ग्लास गढूळ तपकिरी झाला. वर काळपट साय धरली. त्याचा ग्लास मात्र जसाच्या तसा. "मॅडम, हे पाणी तुमची मुलं पितात," तो म्हणाला. धाकटा नुकताच जुलाबातून उठला होता. त्याच संध्याकाळी आम्ही हप्त्यावर आरओ घेतलं.

महिन्याभरात दोन्ही मुलं पुन्हा आडवी झाली. पिण्याचं पाणी मशीनचं होतं, पण दात घासायला, काकडी-कोथिंबीर धुवायला टाकीतलंच. आणि टाकीत काय येत होतं ते आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

त्या सळयांचा खेळ नंतर मीच घरी करून पाहिला. दोन खिळे, वायरीचे तुकडे आणि नऊ व्होल्टची बॅटरी. सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. त्याच आरओच्या पाण्यात मी चिमूटभर मीठ टाकलं, तर तेही तसंच तपकिरी झालं. घाण पाण्यात नव्हती, खिळ्यात होती. हा खेळ कुणी तुमच्या ओट्यावर मांडलाच, तर मिठाचा डबा जवळ ठेवा.

आम्ही पारोळ्याकडच्या खेड्यातून बदलीमुळे शहरात आलो. गावाकडे विहिरीचं पाणी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणारा माणूस ओळखीचा, तो पावडर कधी टाकतो तेही सगळ्यांना माहीत. शहरात नळाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी सांगते ते जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कुठेही लागू पडेल.

आधी हे जमवून ठेवा

बादली, बॅटरी (टॉर्च), वही-पेन, झाकण असलेला दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन. पाण्यातले जंतू तपासायच्या एच-टू-एस बाटल्या तीन-चार. क्लोरीन तपासायचं ओटी द्रावण. ब्लीचिंग पावडरचं ताजं, बंद पाकीट. कागदांमध्ये चालू वर्षाची पाणीपट्टीची पावती (भाड्याने असाल तर घरमालकाकडून तिची प्रत आणि भाडेकरार), आधार कार्डाची प्रत. पाणीपट्टीच्या पावतीवर नळजोडणीचा क्रमांक असतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.

१. पाणी येतं कुठून ते विचारा

जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं. भुसावळ तापीवर. धुळ्याला तापीशिवाय नकाणे तलाव, डेडरगाव तलाव आणि पांझरेवरचं अक्कलपाडा धरण. नंदुरबारला विरचक धरण. धुळ्यासारख्या एकाहून जास्त उद्भव (पाण्याचे स्रोत) असलेल्या शहरात तुमच्या भागाला कोणतं पाणी येतं, हे जलकुंभावर अवलंबून असतं. तुमचा जलकुंभ कोणता, ते पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा. वॉलमन म्हणतात त्याला. त्याची ओळख करून घ्या, त्याचा नंबर घ्या. या सगळ्या कामात माझ्या सर्वांत उपयोगी पडलेला माणूस तोच.

उद्भव कळला की ऋतूचा अंदाज येतो. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आणि तापी लाल-तपकिरी झाली की जुलै-ऑगस्टमध्ये गढूळपणा वाढणार. मेमध्ये धरण तळाला गेलं की पाण्याला शेवाळाचा, मातकट वास येणार. हा वास नकोसा असतो, पण तेवढ्याने माणूस आजारी पडत नाही. उलट, पावसाळ्यातलं अगदी नितळ दिसणारं पाणीही जंतूंनी भरलेलं असू शकतं.

शुद्धीकरण केंद्रात पाणी आधी कारंज्यावरून खेळवतात, मग तुरटी किंवा पीएसी नावाचं तसंच रसायन घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. केंद्र नीट चालत असेल तर तिथून निघालेलं पाणी पिण्याजोगंच असतं. बिघडतं ते पुढे. आमच्या बाबतीत शेवटच्या पन्नास फुटांत बिघडलं होतं.

एक गोष्ट इथेच विचारून घ्या: तुमच्या इमारतीत बोअरचं पाणी नळाच्या टाकीत सोडतात का? बऱ्याच अपार्टमेंटमध्ये दोन्ही एकत्र करतात आणि कुणी सांगत नाही. तसं असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं.

२. पहिलं पाणी पिऊ नका

आमच्या शेजारच्या आक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पहिलं पानी पेवानं नही, बाई. ते गटारनं ऱ्हास." (गटारीचं असतं.) मला वाटलं जुन्या माणसांचं काहीतरी. अक्षरशः खरं निघालं.

खान्देशातल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. कुठे दिवसाआड, कुठे तीन-चार दिवसांनी, टंचाईत त्याहून उशिरा. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होत जातो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. पाइपला कुठे चीर असेल, सांधा ढिला असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आपल्याकडे घरात येणारा पाइप बहुतेक वेळा गटार ओलांडूनच येतो. म्हणजे आत जे ओढलं जातं ते गटारीचं. पुढच्या पाळीला पाणी सुटतं तेव्हा हा साठा सगळ्यात आधी तुमच्या नळाला येतो.

म्हणून पाणी आलं की पहिली पाच-दहा मिनिटं बादलीत धरा आणि ते ओटा-अंगण धुवायला, संडासात वापरा. वाया घालवायची गरज नाही. मग पिण्याचं भरा, आणि टाकीचा कॉक त्यानंतर उघडा. लोक पिण्याचं पहिल्या धारेने भरतात, कारण पाणी कधी जाईल याचा भरवसा नसतो. भीती समजते, पण क्रम उलटा करा.

३. नळापासून रस्त्यापर्यंत चालत जा

हे काम कुणी करत नाही, आणि आमचं सगळं दुखणं इथेच सापडलं.

पाणी बंद असतानाच्या वेळी नळाची तोटी उघडा आणि तळहात तोटीच्या तोंडाला लावा. हात आत ओढल्यासारखा वाटला, तर पाइप हवा खेचतोय. हवा येते तिथून पाणीही येऊ शकतं. मग मीटरपासून, मीटर नसेल तर भिंतीत पाइप शिरतो तिथपासून, रस्त्यातल्या मुख्य लाइनपर्यंत पाइप कसा गेलाय ते बघा. मुख्य लाइनला जिथे तुमचं कनेक्शन जोडलेलं असतं त्याला फेरूल म्हणतात. ते जमिनीत असतं, पण त्यापासून घरापर्यंतची वाट साधारण सरळ असते.

पाणी सुरू असताना टॉर्च घेऊन गटारीत बघा. गटार कोरडी असायला हवी त्या वेळी ती वाहतेय, त्यात बुडबुडे येताहेत, एखाद्या ठिकाणची माती कायम ओली आहे, तिथेच गवत हिरवं आहे, या खुणा. आमच्या घरासमोर मेच्या उन्हातसुद्धा टिचभर हिरवळ होती. आम्हाला तिचं कौतुक होतं.

प्लंबरने फरशी उचलली तेव्हा दिसलं: जुना जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप गटारीच्या तळातून गेलेला, गंजून चाळण झालेला. लाइन आमच्या कनेक्शनची, म्हणजे दुरुस्तीही आमचीच. नवा एमडीपीईचा (प्लास्टिकचा) अखंड पाइप टाकला, गटारीच्या तळातून काढून वरून नेला आणि तेवढ्या भागात त्यावर जाडसर पाइपचं कवच घातलं. खर्च आरओच्या किमतीच्या पावपटही झाला नाही. (रस्ता खोदायचा असेल तर आधी पाणीपुरवठा विभागाची परवानगी घ्या. आम्हाला फरशीपुरतंच काम निघालं.)

मोटारीबद्दल दोन शब्द. दाब कमी म्हणून नळाला थेट टिल्लू मोटार लावायची पद्धत गल्लोगल्ली आहे. ती नियमाविरुद्ध आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे ती पाइपातला दाब आणखी खाली ओढते. तुमच्या मोटारीने शेजाऱ्याच्या फुटक्या सांध्यातली घाण तुमच्या घरात येते. पाणी आधी जमिनीलगतच्या हौदात पडू द्या आणि मोटार हौदातून वर लावा.

४. तीन बाटल्यांची चाचणी

टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण ऑनलाइन शे-दोनशेला मिळणारं ते पेनासारखं यंत्र घेऊन लोक पाणी 'शुद्ध' आहे की नाही ते ठरवतात. ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं. गटारीचं पाणी मिसळलेल्या ग्लासाचा आकडा अगदी छान येऊ शकतो.

जंतूंसाठी एच-टू-एस बाटली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदी पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, घरातच सावलीत ठेवायचं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं, तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. थंडीत बाटली जरा उबदार जागी ठेवा, नाहीतर निकाल उशिरा येतो. बाटलीच्या आतल्या कडेला बोट लावू नका.

एकच बाटली भरली तर पाणी खराब आहे एवढंच कळतं, कुठे बिघडलं ते कळत नाही. म्हणून तीन भरा. एक थेट नळाची, पाणी सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर. दुसरी टाकीतून येणाऱ्या नळाची. तिसरी माठातली, घरातले घेतात तशीच पाणी घेऊन. शेजारी तयार असतील तर चौथी त्यांच्या थेट नळाची. बाटलीवर जागा आणि वेळ लिहा.

आता वाचायचं असं. नळाची स्वच्छ आणि टाकीची काळी, तर टाकी धुवा. दोन्ही स्वच्छ आणि माठाची काळी, तर माठ आणि हात. नळाचीच काळी आणि शेजारच्यांचीही काळी, तर दोष मुख्य लाइनमध्ये, तक्रार करा. नळाची काळी आणि शेजारच्यांची स्वच्छ, तर दोष तुमच्या कनेक्शनमध्ये. आमचं हेच होतं. आक्कांची बाटली दुसऱ्या दिवशीही धुतलेल्या ग्लासासारखी स्वच्छ होती आणि आमची डांबरासारखी.

काळी झालेली बाटली स्वयंपाकघरात उघडू नका. आत चमचाभर ब्लीचिंग टाका, अर्धा तास ठेवा, संडासात ओता, हात साबणाने धुवा.

दुसरी चाचणी क्लोरीनची. परीक्षानळीत पाणी घेऊन ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, रंग गडद तेवढा जास्त. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत बघायचं, नंतर रंग वाढत जातो. सोबत रंगपट्टी किंवा क्लोरोस्कोप असेल तर आकडा कळतो. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. रंग आलाच नाही, तर क्लोरीन दिलाच नसेल किंवा पाण्याला वाटेत काहीतरी भेटलं असेल. हे द्रावण विषारी आहे: मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी ओतून द्या.

नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून कुरकुरणारे खूप. मला आता तो वास आला की बरं वाटतं. भांडं तासभर उघडं ठेवलं की वास जातो.

५. प्रयोगशाळेत नमुना द्या

बाटलीची चाचणी घरगुती आहे. नीट आकडे हवे असतील, आणि बोअरचं पाणी पीत असाल तर हवेतच, तर प्रयोगशाळा गाठा. जिल्ह्याच्या ठिकाणी आरोग्य विभागाची आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. आधी फोन करून नमुना कोणत्या दिवशी घेतात ते विचारा. जंतूंचा नमुना शनिवारी दुपारी घेऊन गेलात तर बहुधा परत पाठवतील.

लागतं ते असं: साध्या कागदावर अर्ज, पत्ता, ओळखपत्राची प्रत, शुल्क. नमुन्यावर चिकटवायची चिठ्ठी, तिच्यावर नाव, उद्भव (नळ, बोअर, टाकी), तारीख आणि वेळ.

रासायनिक तपासणीला दोन लिटरचा कॅन चालतो. तो त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा. कोल्ड्रिंकची जुनी बाटली नको. जंतूंच्या तपासणीला मात्र बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. ती निर्जंतुक असते, आणि आत पाण्यातला क्लोरीन मारणारं थोडं रसायन असतं, म्हणून तिला अजिबात विसळायचं नाही. नळाची जाळी काढा, तोटी पुसा, धातूची असेल तर लायटरची ज्योत फिरवा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग वर थोडी जागा ठेवून भरा. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवा. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत स्कूटरच्या डिकीत दोन तास राहिलेला नमुना काही कामाचा उरत नाही.

६. अहवाल वाचायचा कसा

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००, सध्याची आवृत्ती २०१२ ची. त्यात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा आहेत: एक हवी ती, आणि दुसरा पर्यायच नसेल तर चालणारी. अहवालात 'मर्यादेत' लिहिलं असेल तर कोणत्या मर्यादेत ते बघा.

सगळ्यात आधी ई-कोलाय. शंभर मिलिलिटरमध्ये एकही नको. इथे दुसरी मर्यादा नाही. हा रकाना बिघडलेला असेल तर बाकीचे आकडे नंतर.

मग नायट्रेट: लिटरला ४५ मिलिग्रॅम, इथेही सवलत नाही (पुढचे फ्लोराइड, टीडीएस, कठीणपणाचे आकडेही याच मापात). यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात किंवा शहराच्या कडेला शेताजवळच्या वस्तीत बोअर असेल तर हा आकडा जरूर बघा. खताचं आणि संडासाच्या शोषखड्ड्याचं नायट्रेट जमिनीतून खाली उतरतं. बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते धोक्याचं, आणि उकळून ते जात नाही, पाणी आटतं तसं वाढतं. फ्लोराइड १ पर्यंत हवं, १.५ च्या वर नको.

टीडीएस ५०० पर्यंत उत्तम, २००० पर्यंत नाइलाजाने. एकूण कठीणपणा २०० आणि ६००. खान्देशातल्या बोअरना हा आकडा मोठा येतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल पांढरी होऊन जळते. त्रासदायक आहे, पण जुलाब-कावीळ त्याने होत नाही. गढूळपणा १ एनटीयू हवा, ५ च्या वर नको. सामू (पीएच) ६.५ ते ८.५.

७. टाकी, टिपाड, माठ

पाणी चार दिवसांनी येणार म्हणून आपण साठवतो, आणि साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी, मे महिना, पाणी अंघोळीलासुद्धा चटका देणारं. तिथे क्लोरीन फार टिकत नाही. म्हणजे चौथ्या दिवशीचं पाणी राखणदाराशिवायचं असतं.

टाकी तीन महिन्यांतून एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर हमखास धुवा. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, टाकी तळाला गेली असताना. गाळ काढा, ब्रशने भिंती घासा, साबण नको. मग दहा लिटरच्या बादलीत चहाचा एक चमचा ब्लीचिंग पावडर कालवा, ते पाणी ब्रशने आतून सगळीकडे लावा, अर्धा तास ठेवा, धुवून काढून टाका. अख्खी टाकी भरून ओतून द्या असं पुस्तकात सांगतात, पण आपल्याला एवढं पाणी कुठलं? ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. जमिनीतल्या हौदात उतरायचं असेल तर एकट्याने नाही, वर कुणीतरी उभं हवं.

नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते, म्हणजे चहाचा साधारण अर्धा चमचा, सपाट. ती थेट टाकीत फेकू नका. मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता, तासभर थांबा. पाकीट उघडून सहा महिने माळ्यावर पडलेलं असेल तर त्यात चुनाच उरलाय. उघडताच नाकाला झोंबली पाहिजे. हे नको असेल तर मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या मिळतात, त्यांच्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो, म्हणून आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, गाळा, मग औषध.

झाकणाची फट बघा. डेंगीचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळायचा: टिपाड, हंडे, कुंडीखालची ताटली रिकामी करून घासायची. नुसतं ओतून पुरत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

माठाबद्दल माझं मत ठाम आहे. माठ हवाच, फ्रीजच्या पाण्याने तहान भागत नाही. पण त्यात तांब्या बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. आमच्या घरात हा नियम रुजायला सासऱ्यांशी तीन महिने अबोला सोसावा लागला.

८. मशीन घ्यायचं का, आणि कोणतं

घ्यायचं तर अहवाल हातात आल्यावर घ्या. धरणाचं, नळाचं पाणी असेल आणि टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओवर बंदी घालायला सरकारला सांगितलं होतं, त्याचं एक कारण वाया जाणारं पाणी. घरगुती आरओ एक लिटर देताना साधारण दोन-तीन लिटर नळीतून बाहेर टाकतो. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे परवडतं का, ते तुम्हीच ठरवा. आमचं आहेच, तर ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला घेतो.

जंतूंची भीती असेल तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन) पुरे, पण पाणी नितळ हवं आणि घरात वीज हवी. नुसती कँडल गाळ अडवते, विषाणू अडवत नाही. बोअरला नायट्रेट-फ्लोराइड जास्त असेल तर मात्र आरओला पर्याय कमी.

आणि उकळणं. फसफसून उकळी फुटली की एक मिनिट पुरतं. त्यात सर्व्हिसिंगची तारीख चुकायची भीती नाही. गॅस जळतो, हे खरं.

थंड पाण्याच्या जारबद्दल थोडक्यात: जार थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं नाही. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि सील मागा. दाखवत नसतील तर तुमच्या नळापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवायचं कारण नाही. लग्नाच्या मांडवात तर आम्ही आता घरची बाटली नेतो, लोक हसतात.

९. तक्रार अशी करा की काम होईल

"पाणी घाण येतं" अशी तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लेखी द्या: नळजोडणी क्रमांक, गल्ली, कोणत्या तारखेला किती वाजता कसं पाणी आलं, किती घरांत, सोबत काळ्या बाटलीचा फोटो आणि पाच-सहा शेजाऱ्यांच्या सह्या. प्रभाग कार्यालयात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घ्या. शिक्क्याशिवाय उठू नका. हलत नसेल तर 'आपले सरकार' संकेतस्थळावर नोंदवा. गल्लीत एकाच आठवड्यात तीन-चार घरांत जुलाब किंवा कावीळ दिसली, तर पाणी विभागाची वाट बघू नका, त्याच दिवशी आरोग्य विभागाला कळवा. त्यांनी नमुने घेतले की पाणी विभाग आपोआप जागा होतो.

माहितीच्या अधिकारातही विचारता येतं: आमच्या जलकुंभाच्या गेल्या तीन महिन्यांतल्या क्लोरीनच्या नोंदी आणि जंतू तपासणीचे अहवाल द्या. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न 'पाणी शुद्ध का नाही?' असा नको, नोंदींच्या प्रती मागा.

१०. कुणी आजारी पडलंच तर

जुलाब सुरू झाले की ओआरएस लगेच. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर दवाखाना, रात्र असली तरी.

डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा. कावीळ 'उतरवणारे' आपल्याकडे गावोगाव आहेत, कुणी माळ घालतं, कुणी डोळ्यांत रस सोडतं. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपसूक बरी होते आणि श्रेय माळेला जातं. पण गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. तिला माळेच्या वाटेने नेऊ नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि घरात कुणी आजारी असेपर्यंत दात घासायचं, भाजी धुवायचं पाणीसुद्धा उकळलेलं. आम्ही पहिल्या वेळी नेमकं हेच विसरलो होतो.